तळघर नसलेलं घर

५ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. फोन असताना गुंड्याला पत्राची काय हौस आली, असं तू पाकीट फोडायच्या आधीच म्हणाली असशील. कारण सांगतो. तुझा फोन आला की आई तो स्पीकरवर लावायला लावते. मग तुझ्या प्रश्नांना मास्तरीण स्वयंपाकघरातून उत्तरं देते, भिंगरी मधेच फिदीफिदी हसते, आणि आई ‘जेवलीस का’ एवढं विचारून ‘आता ठेवा’ म्हणते. मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद. (माझ्या बायकोचं नाव तू मास्तरीण ठेवलंस, ते आता तिच्या शाळेतही चालतं. ती तुझ्यावर खूश नाही.)

जागा घेतली, ताई. जुनं घर रस्तारुंदीत गेलं त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही चौघं एकमेकांना कोपरं मारत राहतोय. आईचे गुडघे तर जिन्यानं खाल्ले. ती महिन्यातून एकदा खाली उतरते, तेही दवाखान्यासाठी. म्हणून आता बैठं घर बांधायचं, एकाच पातळीवर. आतल्या आत एकही पायरी नको.

जागा गावाच्या कडेला आहे, थोड्या उतारावर. सोबत आराखड्याची प्रत आहे. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर, आईची खोली न्हाणीघराला लागून, आमची एक, भिंगरीची एक. कोपऱ्यातल्या छोट्या खोलीवर सध्या ‘पाहुणे’ असं लिहिलंय. तळघर नाही. खाली पाणी लागतं म्हणतात.

वाच आणि तुझ्या सवयीप्रमाणे चुका काढून पाठव. चांगलं म्हणायची जबरदस्ती नाही.

गुंड्या

१६ सप्टेंबर

गुंड्या,

आशीर्वाद. रात्रपाळीच्या पोरी येईपर्यंत वॉर्डात अर्धा तास मोकळा मिळाला, तेवढ्यात तुझा आराखडा टेबलावर पसरला. दोन शिकाऊ नर्सांनी येऊन विचारलं, “सिस्टर, कोणाचा एक्सरे?” म्हटलं, माझ्या माहेराचा.

आता चुका. न्हाणीघराचं दार आत उघडतं. म्हातारं माणूस आत घसरून पडलं, तर त्याच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरच्यांना फोडावं लागतं. असे चार पेशंट तरी मी पाहिलेत. दार बाहेर उघडू दे. आईचा पलंग भिंतीला चिकटवलायस. तीन बाजूंनी माणूस फिरता आलं पाहिजे. आज नाही लागणार, पण लागेल. उंबरठे काढून टाक, सगळे. भिंगरीची खोली छान आहे. तिला सांग, आत्याला तिच्या वयात कपाटसुद्धा नव्हतं.

आणि आता मुख्य. तळघर नाही म्हणजे काय?

अरे, आपलं घर म्हणजे तळघरच की. वरचं नुसतं झोपायला आणि जेवायला. त्या सोळा पायऱ्या, उतरताना वास बदलायचा, आठवतं? वर फोडणीचा, मधे ओल्या भिंतीचा, आणि खाली पोचलं की सरसाचा आणि नव्या पुठ्ठ्याचा. बाबा पुस्तकाची पाठ शिवत बसलेले. ग्रंथालयातून फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे यायचे, ते उसवून पानं ओळीनं लावायचं काम माझं. मी किती गोष्टी अशा शेवटाकडून वाचल्या असतील! आधी लग्न कळायचं, मग भेट.

आणि ती वरची जाळी, रस्त्याच्या पातळीला. तिच्यातून फक्त पाय दिसायचे. बाबा मान वर न करता विचारायचे, “कोण गेलं गं?” आणि मी नुसत्या चपलांवरून सांगायची. पोस्टमन. शिंपी. शाळेचे हेडमास्तर, डावा पाय ओढणारे. एकदा आईची चप्पल ओळखली नाही, नवी होती, तर बाबा आठवडाभर चिडवत होते. चौतीस वर्षं झाली तिथून निघून, पण कामाच्या गडबडीत दोन मिनिटं डोळे मिटले, तर मी तिथेच जाऊन बसते.

तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. माझ्यानंतर ते सगळं तुझ्या वाट्याला आलं, म्हणून मी तुझा किती हेवा केलाय, तुला कल्पना नाही.

लहान का असेना, तळघर हवं. पाण्याचं काहीतरी करता येतं. हल्ली सगळं करता येतं.

ताई

२७ सप्टेंबर

ताई,

नमस्कार. न्हाणीघराचं दार बाहेर वळवलं. पलंग हलवला. उंबरठे गेले. आर्किटेक्ट बाई म्हणाल्या, “तुमच्या ताईंना माझ्याकडे नोकरीला पाठवा.”

तळघराचं मात्र राहू दे. मी पंचवीस वर्षं वीज खात्यात लोकांची मीटरं वाचतोय. या गावातली तळघरं माझ्याइतकी कुणी पाहिली नसतील. काय असतं तिथं? मोडकी सायकल, जुनी गादी, ओल, आणि आजोबांचा फोटो, ज्याला वर भिंत मिळाली नाही तो. माणसं नको असलेलं सगळं खाली ढकलतात आणि वर येऊन चहा पितात.

शिवाय पाणी लागतं, लिहिलंच होतं.

भिंगरीचं म्हणणं, तिच्या खोलीला आतून कडी हवी. मी नको म्हटलं. मास्तरीण म्हणते, हवी. दोन दिवस घरात हाच विषय आहे. मी हरणार.

आई बरी आहे. तुझ्या पत्रातला चपलांचा भाग वाचून दाखवला. ऐकून घेतलं आणि उठून आत गेली.

गुंड्या

८ ऑक्टोबर

गुंड्या,

मी आर्किटेक्ट बाईंना फोन केला. नंबर आराखड्याच्या कोपऱ्यात छापलेला आहे, त्यात लपवाछपवी नाही. पोरगी गोड आहे. ती म्हणाली, “खाली कडक मुरूम आहे, पाण्याचा थेंब नाही. उतार असल्यामुळे तळघर तर फारच सोपं आहे. मीच काकांना दोनदा सुचवलं. ते म्हणाले, विषय काढू नका.”

मग मला पाणी कशाला पाजलंस?

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण ते जाऊ दे. मला जे लिहायचं होतं ते मी आधीच्या पत्रात लिहायला हवं होतं. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. क्वार्टर सोडावं लागेल. एवढी वर्षं आयतं छप्पर होतं, त्यामुळे पुढचा विचार कधी केलाच नाही. तुझा आराखडा आला तेव्हा वाटलं, खाली एक खोली मिळाली तर कुणाला अडचण होणार नाही. तुमचा संसार वर, मी खाली. उतारावर असल्यानं वेगळं दारही काढता आलं असतं. म्हातारी आत्या कधी आली, कधी गेली, भिंगरीच्या मैत्रिणींना कळलंही नसतं.

पण तू कोपऱ्यातल्या खोलीवर ‘पाहुणे’ लिहिलंस. मी तो शब्द बराच वेळ पाहत बसले. चौतीस वर्षांत मी वर्षाकाठी चार दिवस यायची, त्या हिशेबानं शब्द बरोबरच आहे.

मी नको असेन तर सरळ सांग. मला वाईट बातम्या ऐकायची सवय आहे, सांगायचीही आहे. पण मुरुमात पाणी काढू नकोस.

ताई

२९ ऑक्टोबर

ताई,

तीन आठवडे झाले. चार पत्रं लिहिली आणि फाडली. मास्तरीण म्हणाली, “पाचवं फाडलंत तर मी लिहीन.” ती लिहील ते शुद्ध असेल, पण खरं मलाच लिहायला हवं.

आधी सोपं. ‘पाहुणे’ मी लिहिलं, कारण तुला न विचारता ‘ताई’ लिहायची हिंमत झाली नाही. तू तिकडे एवढी मोठी सिस्टर, इथे कशाला येशील, असं वाटलं. ती खोली पहिल्या दिवसापासून तुझी आहे.

आता अवघड.

तू तुझी पेटी घेऊन निघालीस तो दिवस. तुला वाटत होतं, आईला सगळं ठाऊक आहे. बाबा तुला म्हणाले होते, “आईला मी समजावतो.” त्यांनी नाही समजावलं, ताई. नर्सिंगच्या फॉर्मवर सही केली आणि गप्प राहिले. आईला कळलं ते पेटी ओसरीवर आली तेव्हा. म्हणून ती बाहेर आली नाही. बाबांनी तुला सांगितलं, तिचं डोकं दुखतंय.

तुला गाडीत बसवून बाबा परत आले. मी जिन्याच्या तोंडाशी बसलो होतो. आई म्हणाली, “मला न विचारता माझी मुलगी दिलीत.” बाबा म्हणाले, “ती काय वस्तू आहे द्यायला?” आई म्हणाली, “मग मी काय आहे?” संध्याकाळी बाबांनी अंथरूण उचललं आणि खाली गेले.

सहा वर्षं, ताई. सहा वर्षं ते खाली आणि ती वर. एक शब्द नाही. दोन्ही वेळचं ताट मी खाली न्यायचो, रिकामं वर आणायचो. “बाबांना सांग, ग्रंथालयाचा माणूस येऊन गेला.” “आईला सांग, खालचा बल्ब गेलाय.” शेजाऱ्यांना वाटायचं, केवढा कष्टाळू माणूस, दिवसरात्र कामात. घर मोठं होतं, दोन पातळ्यांचं होतं, म्हणून ते जमलं. या तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत जमलं असतं का? दुसऱ्या दिवशी न्हाणीघरापाशी एकमेकांवर आदळले असते आणि बोलावंच लागलं असतं.

मी काय करायचो, तेही सांगतो. हे मास्तरणीलासुद्धा परवाच सांगितलं. मी निरोप बदलायचो. आई म्हणायची, “ताट दे.” मी खाली जाऊन म्हणायचो, “आईनं विचारलंय, खोकला कसा आहे?” बाबा म्हणायचे, “बरा आहे.” मी वर येऊन सांगायचो, “बाबा म्हणाले, आज जेवण छान होतं.” बारा वर्षांच्या पोराचं डोकं, दुसरं काय सुचणार. मला वाटायचं, एखादा निरोप लागू पडेल आणि बाबा वर येतील.

तू यायचीस ते चार दिवस बाबा वर जेवायला बसायचे. दोघंही तुझ्याशी बोलायचे आणि तुला वाटायचं, सगळे बोलताहेत. तू गेलीस की दुसऱ्या सकाळी अंथरूण पुन्हा खाली. आईनं मला बजावलं होतं, “ताईला कळता कामा नये. कळलं तर ती सगळं सोडून येईल.” म्हणून मी कधी बोललो नाही. पुढे मी वसतिगृहात गेलो, मग बाहेरगावच्या बदल्या. नंतर केव्हातरी बाबा वर येऊन जेवायला लागले होते. मी समजलो, दोघं थकली. विचारलं नाही.

आता तू म्हणतेस, मी खाली राहीन, कुणाला कळणारही नाही. ताई, माझ्या घरातलं माणूस खाली राहील आणि वर कळणार नाही, असं घर मी बांधणार नाही. पाणी लागतं म्हणालो, ते खोटं. हे खरं.

तुझं तळघर हिरावून घेतलं, त्याबद्दल माफ कर.

गुंड्या

२५ नोव्हेंबर

ताई,

पत्र पोचलं ना? फोनवर तू ‘ड्यूटी आहे’ म्हणतेस आणि ठेवतेस. आई दोनदा म्हणाली, हिचा आवाज बसलाय. पायाचं काम मी थांबवून ठेवलंय. एक ओळ लिही, रागाची का असेना.

गुंड्या

३ डिसेंबर

गुंड्या,

पत्र पोचलं. मी ते एवढे दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होते.

रागावू कुणावर? आईची त्या वर्षांतली पत्रं माझ्याकडे आहेत. एका पिशवीत बांधून ठेवलेली. सगळी काढून वाचली. ‘तुझे बाबा खाली कामात आहेत.’ प्रत्येक पत्रात हे वाक्य, ताई. बघ, मी तुलाच ताई लिहिलं. खोडत नाही. प्रत्येक पत्रात ते वाक्य आणि मी प्रत्येक वेळी वाचून खूश व्हायची, की वा, बाबांना काम भरपूर मिळतंय.

मी आजाऱ्याच्या चेहऱ्यावरून ताप सांगते. आणि आपल्या घरात चार-चार दिवस बसून मला हे दिसलं नाही. मी जे तळघर डोळ्यांपुढे आणून इतकी वर्षं जगले, त्यात तू ताट घेऊन उतरत होतास. मी गेले म्हणून.

घर तुझ्या मनासारखं बांध. माझी खोली नको. इथे दवाखान्याजवळ एक जागा पाहिली आहे, एकट्या माणसाला पुरेल. मी आईला वेगळं पत्र लिहिलंय. तिला एवढंच विचारलंय की, तू मला कधी क्षमा केलीस का. उत्तर द्यायची घाई नाही, असंही लिहिलंय.

भिंगरीला कडी मिळू दे.

ताई

१२ डिसेंबर

बाळ,

तुझं पत्र मिळालं. चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय, म्हणून अक्षर मोठं काढते. हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. गुंड्या टपालात टाकायला नेईल तेव्हा वाचेलच. वाचू दे, थोडं त्याच्यासाठीही आहे.

क्षमा कसली मागतेस? मी तुझ्यावर रागावलेच नव्हते. मी यांच्यावर रागावले होते. तुला पाठवलं म्हणून नव्हे, मला विचारलं नाही म्हणून. विचारलं असतं तर आधी नाही म्हणाले असते, रडले असते आणि चौथ्या दिवशी तुझी पेटी मीच भरली असती. ते चार दिवस त्यांनी मला दिले नाहीत.

वर्षभरात तुझी पत्रं यायला लागली. तू पहिलं बाळंतपण केलंस, ते लिहिलंस. मला तेव्हाच कळलं, त्यांचं बरोबर होतं. पण वर्षभर न बोललेल्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलायचं, हे कुणी शिकवत नाही. मी रोज एक वाक्य ठरवायची. भांडी घासताना तयार असायचं, हात पुसेपर्यंत जायचं. अशी आणखी पाच वर्षं गेली. तुझ्यामुळे नाही गेली. आमच्या दोघांच्या ताठपणामुळे गेली.

मग गुंड्या वसतिगृहात गेला. पहिल्या दिवशी ताट कोण नेणार? मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलं. ते तसंच राहिलं. त्यांना सांगणार कोण, की ताट ठेवलंय? ते खाली उपाशी, मी वर उपाशी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी उतरले. सहा वर्षांत पहिल्यांदा. जिना किती उंच आहे ते मी विसरून गेले होते.

ते जाळीखाली उजेडात बसले होते. हातात सुई, आणि दोरा काही ओवला जाईना. डोळे अधू झाले होते, बाळ, आणि मला ठाऊक नव्हतं. पाच-सहा वेळा चुकले. मी म्हटलं, “द्या इकडे.” त्यांनी वर पाहिलं. मग सुई दिली आणि म्हणाले, “बारीक नाकाची आहे. जपून.”

एवढंच. मी दोरा ओवला. मग दुसरी सुई होती, ती ओवली. मग म्हणाले, “हा गठ्ठा उद्यापर्यंत द्यायचाय.” मी बसले.

त्यानंतर ते जाईपर्यंत नऊ वर्षं मी रोज दुपारी खाली जात होते. पाठ शिवायला त्यांनीच शिकवलं. शेवटच्या दोन-तीन वर्षांत शिलाई सगळी माझी होती, ते नुसतं पुठ्ठा कापायचे आणि बोलायचे. सहा वर्षांचं बोलायचं राहिलं होतं ना. तुझ्याबद्दलच बोलायचे फार. गावात कुणाला कळलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधीचं सांगावं लागलं असतं आणि मला त्याची लाज वाटायची.

गुंड्या, आता तुला. तू खोटे निरोप द्यायचास ते आम्हा दोघांनाही कळत होतं. ते कधी कुणाच्या जेवणाला छान म्हणाले होते? पण तू वर येऊन सांगायचास आणि मी ते खरं धरायची. त्यांनीही तसंच केलं, मला नंतर सांगितलं. म्हणाले, “पोरगं खोकल्याचं विचारायचं तेव्हा मला कळायचं की तू विचारलं नाहीस, तरी बरं वाटायचं.” तुझे निरोप नसते तर माझा पाय त्या दिवशी पायरीवर पडला नसता. हे तुला कधी सांगितलं नाही. पोराच्या डोक्यावर एवढं ओझं ठेवलं, ते चुकलंच आमचं.

आता घराचं. तळघर नको, हे गुंड्याचं बरोबर. कारण मात्र माझं वेगळं आहे. तळघर वाईट नव्हतं, पण माझे गुडघे आता मला खाली नेणार नाहीत. आणि बाळ, तू दवाखान्याजवळ जागा बघू नकोस. आराखड्यावरचा ‘पाहुणे’ मी पेन्सिलीनं खोडला. आर्किटेक्ट मुलीला सांगितलं, ही खोली उचल आणि माझ्या खोलीच्या शेजारी आण, मधल्या भिंतीत दार ठेव. ती म्हणाली, “आजी, दोन झोपायच्या खोल्यांमध्ये असं दार कुणी ठेवत नाही.” मी म्हटलं, आम्ही ठेवणार आहोत.

जानेवारीत जमिनीवर घराच्या आखणीची फक्की मारणार आहेत. तेव्हा ये. रजा मिळत नाही म्हणू नकोस, चौतीस वर्षांची साचली असेल.

आई

२० जानेवारी

गुंड्या,

पोचले. प्रवास ठीक. आईनं दिलेला डबा शिकाऊ पोरींनी फस्त केला.

तीन दिवस झाले तरी ती जागा डोळ्यांपुढून हलत नाही. रिकाम्या मुरुमावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, आणि त्यात आपण सगळे शहाण्या माणसांसारखे दारातूनच आत-बाहेर करतोय. मास्तरीण चुकून भिंतीतून गेली तेव्हा आई कशी ओरडली! भिंगरीनं तिच्या खोलीत खुर्ची टाकून पाठ फिरवून बसायचं नाटक केलं, तेव्हा मी तिच्या जागी स्वतःला पाहिलं. मला तिच्या वयात असं हक्कानं पाठ फिरवून बसायला जमलं नव्हतं. मी सरळ गाव सोडलं.

आता मला शरम वाटते त्याबद्दल. स्वयंपाकघराच्या खिडकीवरून मी आईशी जे भांडले, ते मला शोभणारं नव्हतं. मी म्हटलं, खिडकी मागच्या बाजूला हवी, वारा येईल. ती म्हणाली, रस्त्याकडे हवी, माणसं दिसतील. मी म्हटलं, धूळ येईल. एवढ्यावर थांबायचं होतं. पण ती म्हणाली, “तुला काय ठाऊक, तू इथं होतीस कुठं?” आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, “निघताना एक शब्द बोलली असतीस तर राहिले असते!” ती म्हणाली, “म्हणूनच बोलले नाही! बोलले असते तर राहिली असतीस, आणि मग जन्मभर माझ्याकडे अशी बघत राहिली असतीस!” मी म्हटलं, “अशी म्हणजे कशी?” ती म्हणाली, “आत्ता बघतेयस तशी!”

शेजारच्या बांधकामावरचे गवंडी काम सोडून बघत होते. मी सत्तावन्न वर्षांची बाई, ती एकोणऐंशीची, आणि आवाज दोन शेतांपलीकडे. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. मग तिला धाप लागली, मी नाडी बघायला हात धरला, तर तिनं तो सोडलाच नाही. म्हणाली, “खिडकी रस्त्याकडेच.” मी म्हटलं, “बरं.”

पण तुला एक विचारायचंय. हे सगळं चाललं असताना तू विटांच्या ढिगावर बसून हसत काय होतास? मास्तरीण दोघींच्या मधे पडायला निघाली, तिचाही पदर धरून बसवलंस. मला तेव्हा तुझा असा राग आला! आई आणि बहीण भररस्त्यात भांडताहेत आणि हा बसलाय आरामात, जणू नाटकाला आलाय.

निवृत्तीचा अर्ज दिला. माझं सामान फार नाही. दोन पेट्या आणि एक टेबल.

ताई

२९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाया खणायला परवा सुरुवात झाली. मुरूम खरंच कडक आहे, कुदळीतून ठिणग्या उडतात.

हसत होतो, ते खरं. रडलोही थोडा, ते तुला लांबून दिसलं नसेल. आर्किटेक्ट बाई बिचाऱ्या घाबरून माझ्याकडे धावत आल्या होत्या. म्हणाल्या, “काका, तुम्ही काहीतरी बोला ना, थांबवा त्यांना.”

मी म्हटलं, “नको. भांडू द्या. मोठ्यानं भांडताहेत ना, मग भांडू द्या. तुम्ही तोवर खिडकी रस्त्याकडे काढून ठेवा.”

गुंड्या